पोटातल्या जिवाणूला प्रयोगशाळेत जेवू घालताना

एच. पायलोरीवर काम करायचंय म्हटल्यावर डिपार्टमेंटमधल्या दोघा-तिघा सीनियर्सनी एकच सल्ला दिला होता: विषय बदल, हा जिवाणू वाढत नाही. तो वाढतो. पण त्याला काय लागतं आणि काय सोसत नाही, या दोन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्याव्या लागतात. पेपरांमध्ये मेथड्सखाली चार ओळी असतात: अमुक अगार (जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम), इतके टक्के रक्त, इतके दिवस इन्क्युबेशन (ठरावीक तापमानात ठेवणं). त्या चार ओळींमागची धावपळ कुठेच लिहिलेली नसते. माझ्या पीएचडीतलं हे प्रकरण गेल्या महिन्यात लिहून झालं. जे कुणी आता सुरुवात करत असतील त्यांच्यासाठी सगळं क्रमाने मांडून ठेवते.

मी पुण्यात काम करते. रजिस्ट्रेशन झालं जून २०२३ मध्ये. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा माणसाच्या जठरात राहणारा, अल्सरला कारणीभूत ठरणारा जिवाणू. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. मला शोधायचं होतं ते एवढंच: प्रयोगशाळेत वाढताना त्याला नेमकं कोणतं अन्न लागतं, आणि आपल्याकडच्या रुग्णांमधून मिळणाऱ्या स्ट्रेन्सची, म्हणजे या जिवाणूच्या उपप्रकारांची, भूक पुस्तकातल्या स्ट्रेनसारखीच असते का.

रुग्णांचे नमुने म्हणजे आधी एथिक्स कमिटी, माणसांशी संबंधित संशोधनाला मंजुरी देणारी समिती. ही कमिटी दर महिन्याला बसतेच असं नाही, त्यामुळे पुढची बैठक कधी आहे हे आधी विचारा आणि तारखेच्या निदान तीन आठवडे आधी फाइल द्या. मी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून प्रोटोकॉल लिहिला. संमतीपत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. मराठी मजकूर दुसऱ्या कुणीतरी पुन्हा इंग्रजीत आणायचा आणि दोन्ही जुळतात असं सही-शिक्क्याचं पत्र जोडायचं, ही अट अर्जाच्या नमुन्यात कुठेही नव्हती. जुलैत दिलेली फाइल त्यासाठी परत आली आणि बैठक हुकली. मंजुरीचं पत्र हातात पडलं ऑक्टोबरमध्ये. हा जिवाणू बीएसएल-२ मध्ये, म्हणजे जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीत मोडतो, म्हणून बायोसेफ्टी कमिटीकडेही अर्ज करावा लागला. तो मी सोबतच दिला होता, त्यामुळे तिथला वेळ वाचला.

संमतीपत्राबद्दल एक सांगते. "बायोप्सी" हा शब्द वाचला की माणसाच्या मनात पहिल्यांदा कॅन्सरच येतो. हॉस्पिटलमधल्या सिस्टरांनी हे मला बजावून सांगितलं होतं. म्हणून आम्ही लिहिलं: तुमच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी आधीच ठरवलेली आहे, त्याच वेळी जठराच्या आतल्या आवरणाचा तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा आम्ही मागतो आहोत, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. हे शेवटचं वाक्य तोंडी पुन्हा सांगावं लागतं. सातारकडच्या एका आजींनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मग विचारलं, "आणि पोरी, त्या किड्याला तुम्ही जिवंत ठेवणार? कशापायी?" मी म्हटलं, "आजी, तो काय खातो ते कळलं तर त्याला उपाशी कसं मारायचं ते कळेल." त्यांनी सही केली. माझ्या प्रकल्पाचा उद्देश इतक्या कमी शब्दांत मी तोपर्यंत कुणालाच सांगितला नव्हता.

ऑक्टोबर ते जानेवारी गेली खरेदीत. हा जिवाणू मायक्रोएरोफिलिक आहे, म्हणजे त्याला कमी ऑक्सिजन लागतो. साध्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. याला साधारण ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असं वातावरण लागतं. त्यासाठीचा स्वतंत्र इन्क्युबेटर लाखांत जातो. आम्ही घट्ट झाकणाचा जार घेतला, पंधरा-सोळा हजारांचा, आणि त्यात टाकायचे गॅस पॅक. एकेक पॅक अडीचशे-तीनशे रुपयांना पडतो आणि जार उघडला की नवा लागतो. सीएसआयआरच्या (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) फेलोशिपबरोबर वर्षाला २०,००० रुपये कंटिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम मिळते. नुसत्या पॅकांवर ती किती वेगाने संपते याचा हिशेब आधीच करून ठेवा. पॅक घेताना दोन गोष्टी तपासा. तो मायक्रोएरोफिलिक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं, ॲनएरोबिक (ऑक्सिजन अजिबात नसलेलं) नव्हे. आणि त्यावर दिलेली लिटरची क्षमता तुमच्या जारशी जुळायला हवी. कॅन्डल जारने, म्हणजे बंद जारमध्ये मेणबत्ती लावून भागेल असं अजूनही काही जण सांगतात. मेणबत्ती विझते तेव्हासुद्धा आत १५ टक्क्यांच्या वर ऑक्सिजन उरलेला असतो, तेवढा याला झेपत नाही.

मग रक्त. परदेशी पेपरांत घोड्याचं रक्त लिहिलेलं असतं. आपल्याकडे मेंढीचं मिळणं सोपं. काचेच्या मण्यांनी हलवून फायब्रिन काढलेलं, म्हणजे डिफायब्रिनेटेड रक्त मुंबईहून बर्फाच्या पॅकमध्ये यायचं, शंभर मिलीला हजाराच्या आसपास. ते दोन-तीन आठवड्यांत वापरावं लागतं, म्हणून प्लेट्स कधी ओतायच्या ते ठरवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. शुक्रवारी निघालेलं पार्सल सोमवारी येतं, तोवर बर्फ वितळलेला असतो. सोमवारी निघेल असं बघा. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं माणसाचं रक्त फुकट मिळतं, ते घेऊ नका. त्यात गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट असतं, रक्तदात्याने घेतलेली अँटिबायोटिक्स असू शकतात, आणि आपल्याकडे अनेकांच्या रक्तात याच जिवाणूविरुद्धच्या अँटिबॉडीज असतात. शिवाय संसर्गाची जोखीम आहेच.

सर्वांत महाग वस्तू म्हणजे फीटल बोव्हाइन सीरम, गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातला पेशी काढलेला द्रव. ते आयात होतं. तीन कोटेशन्स, तुलनात्मक तक्ता, अकाउंट्सची शंका, पुन्हा सही. अकाउंट्समधल्या काकांनी शेवटी मला समोर बसवून मागणीपत्र कसं लिहायचं ते दाखवलं: "विशिष्ट कंपनीचंच हवं असेल तर का हवं, ते एका परिच्छेदात आधीच लिही. नाहीतर फाइल पुन्हा वर जाते." हा एक परिच्छेद पुढे प्रत्येक खरेदीत उपयोगी पडला.

स्ट्रेन मिळवायलाही कागद आहेत. मला २६६९५ नावाचा स्ट्रेन हवा होता, कारण १९९७ मध्ये या जिवाणूचा संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए) पहिल्यांदा वाचला गेला तो याच स्ट्रेनचा. दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तो द्यायचं आनंदाने कबूल केलं, पण मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंटवर (नमुने देण्या-घेण्याच्या करारावर) दोन्ही बाजूंच्या अधिकृत सह्या होईपर्यंत फेब्रुवारी २०२४ उजाडला. करारावर सही करायचा अधिकार गाईडला नसतो, संस्थेला असतो. हे लक्षात घेऊन मसुदा सुरुवातीलाच फिरवायला द्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या प्लेट्स लावल्या. कोलंबिया अगार, १० टक्के मेंढीचं रक्त, आणि इतर जंतू रोखणारं डेंट सप्लिमेंट, म्हणजे व्हँकोमायसिन, ट्रायमेथोप्रिम, सेफसुलोडिन आणि बुरशीसाठी ॲम्फोटेरिसिन-बी. स्किरोचं तशाच औषधांचं मिश्रणही चालतं, मात्र त्यातलं पॉलिमिक्सिन काही स्ट्रेन्सना बाधतं असं दिसल्याने आम्ही डेंट घेतलं. ३७ अंश, जार बंद. तीन दिवसांनी उघडला, काही नाही. नवा पॅक, पुन्हा बंद. सातव्या दिवशीही प्लेट लालच. पुढच्या फेरीत तेच. मार्चच्या सुरुवातीपर्यंत मी जार उघडायच्या दिवशी सकाळपासून कुणाशी धड बोलत नसे.

त्या दिवसांत मला धीर दिला तो पर्थच्या गोष्टीने. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तीसहून जास्त रुग्णांचे नमुने लावले होते आणि एकातही वाढ नव्हती. तिथली पद्धत अशी की दोन दिवसांत काही दिसलं नाही तर प्लेट टाकून द्यायची. ईस्टरच्या लांब सुट्टीत काही प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये तशाच राहिल्या आणि परत आल्यावर त्यांवर कॉलनीज, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके होते. २००५ च्या नोबेलची वाट तिथून सुरू झाली. ही गोष्ट आम्ही सगळे बीएस्सीला ऐकतो. रिकामी प्लेट हातात घेऊन आठवली की ती वेगळी लागते. दोन दिवसांच्या नियमाने त्यांच्या किती प्लेट्स वाया गेल्या असतील!

आमच्या लॅबमधल्या एका ताईंनी तोवर कॅम्पिलोबॅक्टर या याच्याच जवळच्या जिवाणूवर काम केलं होतं. त्यांनी माझ्या प्लेट्स उजेडात तिरक्या धरल्या आणि म्हणाल्या, "कोरड्या पडल्यात गं." फ्रीजमध्ये ठेवलेल्या प्लेट्सची वरची ओल गेलेली होती. तेव्हापासून आम्ही प्लेट जाड ओततो, एका प्लेटला २५ मिली, आणि शक्यतो त्याच आठवड्यात वापरतो. जारच्या तळाशी पाण्यात भिजवलेला कापूस ठेवतो. प्लेट्स बाकावर उजेडात ठेवत नाही, कारण उजेड आणि हवा लागली की माध्यमात पेरॉक्साइडसारखी द्रव्यं साठतात आणि ती या जिवाणूला मारतात. रक्ताबरोबर ५ टक्के सीरमही घातलं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पाचव्या दिवशी, प्लेट तिरकी धरल्यावर अगदी बारीक चकाकी दिसली. जेमतेम मिलिमीटरभर, पारदर्शक, सरळ बघितलं तर दिसणारही नाहीत अशा कॉलनीज.

लगेच खात्री करून घेतली. ग्रॅम स्टेनमध्ये (जिवाणू रंगवून बघायच्या पद्धतीत) सॅफ्रानिन या रंगाऐवजी पातळ केलेलं कार्बोल फुक्सिन वापरा. सॅफ्रानिनने हा फार फिका दिसतो. स्लाइडवर वळणदार, गुलाबी काड्या होत्या. एन्झाइमच्या चाचण्यांत ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, कॅटॅलेजला बुडबुडे. मग युरियाच्या पिवळ्या द्रावणात लूपभर कल्चर टाकलं आणि हातातली ट्यूब खाली ठेवेपर्यंत ते गडद गुलाबी झालं. युरीएज हे एन्झाइम युरियापासून अमोनिया तयार करतं, त्याच्याच बळावर हा जिवाणू आम्लात तग धरतो. मी मॅडमना बोलवायला धावतच गेले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ काढला नाही, आणि मग एवढंच म्हणाल्या, "आज लगेच ग्लिसरॉल स्टॉक कर," म्हणजे ग्लिसरॉलमध्ये गोठवून साठव.

इथून खरा विषय सुरू झाला. रक्त घातलं की वाढतो, पण रक्तातलं काय लागतं? मी धरून चालले होते की रक्त म्हणजे अन्न. वाचत गेले तसं चित्र पालटलं. रक्ताऐवजी कोळशाची पूड, स्टार्च किंवा बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घातलं तरीही हा जिवाणू वाढतो. कोळशात कसलं पोषण? ही द्रव्यं माध्यमातली मुक्त फॅटी ॲसिड्स आणि इतर विषारी अंश स्वतःकडे बांधून ठेवतात. पेप्टोनमध्ये (माध्यमातल्या प्रथिनांच्या तुकड्यांत), अगारमध्ये असे अंश असतातच, आणि ई. कोलायला, म्हणजे आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूला, त्यांचं काही वाटत नाही. सीरममधलं अल्ब्युमिन हे प्रथिनही हेच काम करतं. आम्ही ०.२ टक्के सायक्लोडेक्स्ट्रिन घालून पाहिलं: प्लेट पांढरी, स्वच्छ, कॉलनीज स्पष्ट, आणि खर्च रक्ताच्या मानाने बराच कमी. नव्याने सुरू करणाऱ्यांना मी हेच सुचवेन, मात्र रुग्णाच्या नमुन्यातून पहिल्यांदा काढताना रक्तच वापरा. जोडीला हेही खरं की रक्त-सीरममधून याला थोडं खरंखुरं खाद्यही मिळतं: कोलेस्टेरॉल तो स्वतः बनवत नाही, बाहेरून घेतो, त्याला ग्लुकोज जोडतो आणि स्वतःच्या आवरणात बसवतो.

अन्नाचा प्रश्न सोडवायचा तर ज्यात प्रत्येक घटक माहीत आहे असं माध्यम हवं. जुलै २०२४ पासून मी हॅम्स एफ-१२ वर आले. हे मुळात प्राण्यांच्या पेशी वाढवायचं माध्यम. २००१ मध्ये एच. पायलोरी त्यात थोड्याशा सीरमवर वाढतो असं प्रसिद्ध झालं होतं. त्यात अमिनो ॲसिड्स (प्रथिनांचे घटक) आहेत, थायमिन आहे, पायरुव्हेट आहे, जस्त आहे आणि हायपोझँथीन हे प्युरीन आहे. शेवटचं महत्त्वाचं, कारण डीएनएला लागणारी प्युरीन्स हा जिवाणू मुळापासून तयार करू शकत नाही. त्याचा जीनोम १६ लाख ६७ हजार बेस जोड्यांचा, ई. कोलायच्या जवळपास तिसरा हिस्सा. माणसाच्या जठरात आयतं मिळतं ते बनवायची यंत्रणा त्याच्याकडे राहिलेलीच नाही.

एकेक अमिनो ॲसिड वगळून बघायचं तर तयार पावडर चालत नाही, सगळे घटक सुटे घेऊन मिसळावे लागतात. हे काम संथ आहे. सुट्या अमिनो ॲसिड्सची यादी करून एकाच मागणीपत्रात टाका, नाहीतर प्रत्येकाची वेगळी फाइल होते. नेहमीचं सीरम इथे वापरता येत नाही, त्यात स्वतःची अमिनो ॲसिड्स असतात. डायलाइज केलेलं (असे लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम घ्या किंवा अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉलवर भागवा. आणि सर्वांत उपयोगी सूचना: पेशी दोनदा धुऊन घ्या आणि वगळलेल्या माध्यमात एकदा वाढवून पुन्हा त्याच माध्यमात नव्याने लावा. पहिल्या वेळी त्या आतल्या साठ्यावर थोड्या वाढतात आणि फसवतात. द्रव माध्यमात युरिया मुद्दाम घालू नका. आम्ल नसताना युरीएज इतका अमोनिया करतं की पीएच चढून जिवाणू स्वतःच मरतो.

त्या पावसाळ्यात वीज वारंवार जायची. इन्क्युबेटर बॅकअपवर नव्हता, म्हणून रात्री वॉचमन मामांना नंबर देऊन ठेवला होता. त्यांनी एकदा रात्री दीडला फोन केला, "ताई, तुमचा डबा थंड पडतोय." मी आणि माझी मैत्रीण स्कूटरवरून गेलो आणि जार दुसऱ्या इमारतीत हलवला. त्या फेरीचे आकडे प्रबंधात आहेत.

ऑक्टोबरपर्यंत चित्र स्वच्छ झालं. आर्जिनिन काढलं, वाढ थांबली. हिस्टिडिन, आयसोल्युसिन, ल्युसिन, मेथिओनिन, फेनिलॲलॅनिन, व्हॅलिन: प्रत्येकाचं तेच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत हीच सात नावं आहेत. लायसिन किंवा ट्रिप्टोफॅन काढलं तरी तो वाढत राहिला. ग्लुकोज काढलं तरी वाढला, कारण अमिनो ॲसिड्सवरही तो ऊर्जेची गरज भागवतो. या सातांपैकी सहा आपल्यालाही अन्नातूनच घ्यावी लागतात. मी तक्ता करताना दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि कितीतरी वेळ त्याच पानावर थांबले. तो आपल्याच ताटातलं खातो, हे मी आधी वाचलं होतं; आता ते माझ्या ट्यूब्जमध्ये दिसत होतं.

रुग्णांचे नमुने नोव्हेंबरपासून सुरू झाले. तुकडा ट्रान्सपोर्ट मीडियममध्ये, बर्फावर, आणि सहा तासांच्या आत प्लेटवर. आम्लपित्ताच्या पॅन्टोप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक्स चार आठवडे बंद असायला हवीत. हे प्रत्यक्षात जमवणं अवघड, कारण गोळी न लिहिता मेडिकलमधून आणलेली असते. "ॲसिडिटीची गोळी घेता का?" असं विचारलं तर उत्तर नाही येतं, "जेवणाआधी सकाळी काही घेता का?" विचारलं की मग खिशातून स्ट्रिप निघते. या प्लेट्स दहा दिवस ठेवा, पाचव्या दिवशी टाकू नका. मिळालेल्या स्ट्रेन्स बहुतांशी २६६९५ सारख्याच वागल्या. एक मात्र सातही अमिनो ॲसिड्स असताना वाढेना. ॲलॅनिन घातल्यावर वाढली. काही स्ट्रेन्सना ॲलॅनिन किंवा सेरिन लागतं असं जुन्या अभ्यासांत नोंदलेलं आहेच, पण आपल्याच शहरातल्या माणसाच्या पोटातून आलेल्या स्ट्रेनमध्ये ते बघताना झालेला आनंद मोठा होता.

आता साठवणीबद्दल. दोन-तीन दिवसांच्या कोवळ्या वाढीचाच स्टॉक करा. प्लेट जुनी झाली की वळणदार काड्या गोल होतात आणि त्या पुन्हा प्लेटवर उठत नाहीत. स्टॉक करण्याआधी दर वेळी स्लाइड बघा. बीएचआय ब्रॉथमध्ये (ब्रेन हार्ट इन्फ्युजन या द्रव माध्यमात) २० टक्के ग्लिसरॉल, दाट गढूळ होईल इतकं कल्चर, उणे ८० अंश. लहान लहान भाग करा, कारण एकदा वितळलेली व्हायल पुन्हा गोठवून उपयोग नाही. प्रत्येक स्ट्रेन दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि एक संच दुसऱ्या लॅबमध्ये, फ्रीझरच्या दारावर यादी लावून. वापरलेल्या प्लेट्स आधी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), मग पिवळ्या पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे त्याची नोंदवही ठेवावी लागते आणि तपासणीला येणारे पहिल्यांदा तीच मागतात.